पायटेस्टसाठी स्वतःचा रिपोर्टर लिहिताना: आधी ताळा, मग सजावट

"अहो इंजिनिअर, परवा ५२ होत्या, आज ४४ कशा? आठ गेल्या कुठं?"

फोनवर सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका घाऊक दुकानाचे दिवाणजी होते. चादरी-टॉवेलच्या त्या दुकानासाठी मी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहितो. रात्री त्याच्या टेस्ट (कोड बरोबर वागतो का हे तपासणारी छोटी फंक्शनं) चालतात आणि सकाळी दिवाणजींकडे मराठीत एक पानाचा अहवाल जातो. नवीन आवृत्ती दुकानातल्या मशीनवर चढवायची की थांबायचं, हे तो बघून ठरतं. त्या सकाळी अहवाल म्हणत होता: पास ४४, नापास ०. मी निवांत चहा पीत होतो. दिवाणजींना पायथनमधलं काही कळत नाही, पण गाठ फोडली की नग मोजायचे आणि पावतीशी ताडायचे, ही त्यांची जन्माची सवय. आठ टेस्ट खरोखरच गायब होत्या. डेटाबेस उघडून देणारं फिक्स्चरच (टेस्टच्या आधी तयारी आणि नंतर आवराआवर करणारं फंक्शन) मोडलं होतं, आणि मी मोठ्या हौसेने लिहिलेल्या रिपोर्टरला, म्हणजे निकालांचा अहवाल बनवणाऱ्या कोडला, ते दिसतच नव्हतं.

म्हणून हा लेख रंगीत एचटीएमएल पानाबद्दल नाही. नवख्याने पायटेस्टसाठी, म्हणजे पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनासाठी, रिपोर्टर लिहायला घेतला तर त्याचा ताळा कसा जुळवायचा, याबद्दल आहे. पायथनमध्ये फंक्शन आणि क्लास लिहिता येत असतील तर पुढचं सगळं जमेल. कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, अंडरस्कोअर जिथे दिसतो तिथे तसाच ठेवायचा.

लिहायच्या आधी

अहवाल कोण वाचणार आणि वाचून काय करणार, हे एका वाक्यात लिहून काढा. उत्तर "जेनकिन्स वाचणार" किंवा "गिटलॅब वाचणार" असं आलं (ही टेस्ट आपोआप चालवणारी साधनं), तर हा लेख इथेच बंद करा. पायटेस्टमध्ये `--जेयुनिटएक्सएमएल=फाइलचं नाव` हा पर्याय मुळातच आहे, आणि ती एक्सएमएल फाइल ही सगळी साधनं वाचतात. टीमला ब्राउझरमध्ये बघायचं असेल तर पायटेस्ट-एचटीएमएल हे तयार प्लगइन आहे. तयार भाकरी समोर असताना पीठ मळायला बसू नये.

माझं वाक्य असं होतं: दिवाणजी वाचणार, मराठीत, एक्सेलमध्ये, आणि होय की नाही ठरवणार. हे तयार मिळत नव्हतं.

हुक: सोलापूरकराला हे समजवायची गरज नाही

रिपोर्टर म्हणजे पायटेस्टच्या कामात ठराविक जागी अडकवलेली तुमची फंक्शनं. या जागांना हुक म्हणतात. ज्याने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचा जकार्ड माग चालताना पाहिलाय, त्याच्या डोळ्यांसमोर हे लगेच येईल. पुठ्ठ्याच्या पट्टीवर जिथे भोक असतं तिथला हुक वर उचलला जातो, त्याच्यासोबत ताण्याचा धागा वर येतो आणि नक्षी उमटते. भोक नसेल तर तो हुक जागचा हलत नाही. जकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये केलं. सोलापुरी चादरीवरची फुलं आजही त्याच तत्त्वावर उमटतात.

पायटेस्टमध्ये भोकाचं काम फंक्शनचं नाव करतं. प्रोजेक्टच्या मुळाशी `कॉन्फटेस्ट.पीवाय` नावाची फाइल ठेवा आणि तिच्यात पायटेस्टला ओळखीच्या नावाचं फंक्शन लिहा. पायटेस्ट ते शोधून योग्य क्षणी स्वतः बोलावतं. कुठे इंपोर्ट करायचं नाही, कुठे नोंदवायचं नाही.

दुसऱ्या फ्रेमवर्कवर असाल तरी साचा हाच आहे: सुरुवात, प्रत्येक टेस्टचा निकाल, शेवट. प्लेराइटमध्ये `ऑनबिगिन`, `ऑनटेस्टएंड`, `ऑनएंड`. जेस्टमध्ये `ऑनरनकम्प्लीट`. जेयुनिट ५ मध्ये `टेस्टएक्झिक्युशनलिसनर`. खालचे खड्डे मात्र पायटेस्टचे आहेत.

पायरी १: मुद्दाम बिघडवलेली नमुना गाठ

थेट खऱ्या टेस्टवर रिपोर्टर लिहू नका. एक रिकामा फोल्डर करा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या फोल्डरपुरतं वेगळं पायथन) बनवा, पिपने (पायथनची पॅकेजं आणून देणारी कमांड) पायटेस्ट घ्या आणि एकाच फाइलमध्ये सहा टेस्ट लिहा:

एक पास होणारी (३ डझन टॉवेल म्हणजे ३६ नग). एक नापास होणारी. एक `स्किप` (वगळा) मार्क लावलेली. एक जिचं फिक्स्चर टेस्टच्या आधीच एक्सेप्शन फेकतं. एक जी स्वतः पास होते, पण जिच्या फिक्स्चरचा `यील्ड`नंतरचा भाग कोसळतो. आणि एक `एक्सफेल` मार्कवाली, म्हणजे जिथे बग आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे.

मी पहिल्या वेळी फक्त पहिल्या दोन लिहिल्या होत्या. पुढे काय झालं ते वर वाचलंतच.

पायरी २: आधी फक्त बघा

`कॉन्फटेस्ट`मध्ये `पायटेस्ट_रनटेस्ट_लॉगरिपोर्ट` नावाचं फंक्शन लिहा. त्याला एकच पॅरामीटर मिळतो, `रिपोर्ट`. त्यातले `नोडआयडी` (टेस्टचा पत्ता), `व्हेन` (टप्पा) आणि `आउटकम` (निकाल) प्रिंट करा, आणि `-एस` पर्याय लावून पायटेस्ट चालवा. पायटेस्टच्या स्वतःच्या टिंबांची मधे लुडबूड होईल, पण साधारण असं दिसेल:

```
टेस्ट_डझन           सेटअप      पास्ड
टेस्ट_डझन           कॉल        पास्ड
टेस्ट_डझन           टिअरडाउन   पास्ड
टेस्ट_जुना_दर        सेटअप      स्किप्ड
टेस्ट_जुना_दर        टिअरडाउन   पास्ड
टेस्ट_गाठ_डेटाबेस    सेटअप      फेल्ड
टेस्ट_गाठ_डेटाबेस    टिअरडाउन   पास्ड
```

इथे पाच मिनिटं थांबा, कारण सगळी गोम याच सात ओळींत आहे. हा हुक टेस्टमागे एकदा येत नाही. टेस्टची तयारी, प्रत्यक्ष टेस्ट आणि आवराआवर अशा तीन टप्प्यांसाठी तो तीनदा येतो. आणि तयारीच फसली किंवा टेस्ट वगळली गेली, तर `कॉल` टप्पा येतच नाही.

इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत पहिलीच ओळ असते: "`व्हेन` जर `कॉल` नसेल तर परत जा." तीन वेळा मोजणी होऊ नये म्हणून ती घातलेली असते आणि वरवर शहाणपणाचीही वाटते. पण तिच्यामुळे फिक्स्चर मोडलेली प्रत्येक टेस्ट अहवालातून गुपचूप नाहीशी होते. नापासही नाही आणि पासही नाही, जणू लिहिलीच नव्हती. माझ्या आठ टेस्ट याच ओळीने खाल्ल्या.

पायरी ३: एका टेस्टला एकच ओळ, आणि वाईट निकाल वर

एक डिक्शनरी घ्या: की म्हणजे `नोडआयडी`, व्हॅल्यू म्हणजे निकाल. प्रत्येक रिपोर्टवर हे नियम याच क्रमाने लावा:

```
आउटकम फेल्ड, व्हेन कॉल          → नापास
आउटकम फेल्ड, इतर कुठलाही टप्पा    → एरर (आधी नापास असेल तर नापासच राहू द्या)
आउटकम स्किप्ड, वॉजएक्सफेल आहे    → अपेक्षित नापास
आउटकम स्किप्ड                   → वगळली
आउटकम पास्ड, व्हेन कॉल, वॉजएक्सफेल आहे → अनपेक्षित पास
आउटकम पास्ड, व्हेन कॉल           → पास
बाकी काहीही                     → सोडून द्या
```

`वॉजएक्सफेल` हा गुण रिपोर्टवर असतो किंवा नसतो. तेव्हा `हॅजअ‍ॅटर` लावून विचारा, थेट वाचायला गेलात तर एक्सेप्शन येईल. एक्सफेलवाली टेस्ट ठरल्याप्रमाणे फसली की तिचं `आउटकम` "स्किप्ड" येतं, हे पहिल्यांदा पाहिल्यावर मीही डोकं खाजवलं होतं.

'नापास' आणि 'एरर' वेगळे ठेवा. नापास म्हणजे माल तपासला आणि डाग सापडला. एरर म्हणजे तपासणीच्या टेबलावरचा दिवाच गेला. दोन्हीला "लाल" म्हणून एकत्र टाकलं तर माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

आणखी एक. पाचवी टेस्ट, जिची आवराआवर कोसळते, ती पायटेस्टच्या स्वतःच्या सारांशात दोनदा मोजली जाते: एकदा पासमध्ये, एकदा एररमध्ये. त्यामुळे तुमची बेरीज आणि टर्मिनलच्या शेवटच्या ओळीची बेरीज जुळली नाही तर घाबरू नका. आपल्या पद्धतीत ती फक्त एरर आहे, आणि दिवाणजींच्या पावतीला तेच बरोबर.

पायरी ४: ताळा

`पायटेस्ट_कलेक्शन_फिनिश` या हुकमध्ये `सेशन.आयटेम्स` मिळतात, म्हणजे चालवायला निवडलेल्या सगळ्या टेस्ट. त्यांची संख्या साठवा. `पायटेस्ट_सेशनफिनिश` या शेवटच्या हुकमध्ये डिक्शनरीतल्या नोंदी मोजा आणि वजाबाकी करा. उरलेल्या टेस्ट "न चाललेल्या" म्हणून अहवालात वेगळ्या रकान्यात दाखवा. कुणी `-एक्स` लावून पहिल्या नापासावर थांबवलं, तर हाच रकाना फुगतो आणि वाचणाऱ्याला काय झालं ते कळतं.

एवढ्याने भागत नाही. टेस्टच्या फाइलमध्येच सिंटॅक्स एरर असेल किंवा वरचा इंपोर्ट फसला असेल, तर त्या फाइलमधल्या टेस्ट गोळाच होत नाहीत. त्या एकूण संख्येतही नसतात, त्यामुळे वजाबाकीत सापडणार नाहीत. त्यासाठी `पायटेस्ट_कलेक्टरिपोर्ट` हा हुक घ्या, `रिपोर्ट.फेल्ड` खरं असेल तेव्हा फाइलचं नाव टिपा, आणि अहवालात सगळ्यात वर लिहा: "ही फाइल वाचताच आली नाही."

`सेशनफिनिश`ला `एक्झिटस्टेटस`ही मिळतो. ० म्हणजे सगळं ठीक, १ म्हणजे काही टेस्ट फसल्या, २ म्हणजे मधेच थांबवलं, ३ म्हणजे पायटेस्टच्या आतली गडबड, ४ म्हणजे कमांड चुकली, ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. तो आकडा अहवालात एका शब्दात उतरवा. त्या रात्री माझ्या कमांडने इमानदारीत १ परत केला होता. माझ्या बॅच फाइलने तो न बघताच अहवाल ईमेलला जोडला.

पायरी ५: सुटी फंक्शनं नकोत, क्लास

आतापर्यंत ग्लोबल डिक्शनरी चालून गेली. आता वरचे सगळे हुक एका क्लासच्या मेथड करा, नावं तीच. `पायटेस्ट_अ‍ॅडऑप्शन`मध्ये `पार्सर.अ‍ॅडऑप्शन` वापरून `--अहवाल` असा पर्याय घाला, ज्यात फोल्डरचं नाव द्यायचं. मग `पायटेस्ट_कॉन्फिगर`मध्ये तो पर्याय दिलाय का बघा, दिला असेल तरच `कॉन्फिग.प्लगइनमॅनेजर.रजिस्टर` करून आपल्या क्लासचा ऑब्जेक्ट नोंदवा. नाही दिला तर रिपोर्टर जागाच होणार नाही, म्हणजे एकच टेस्ट पटकन चालवून बघणाऱ्या सहकाऱ्याला त्रास नाही.

फोल्डर अस्तित्वात आहे का, हेही इथेच तपासा. नसेल तर `पायटेस्ट.युसेजएरर` फेका. चाळीस मिनिटं टेस्ट चालल्यावर "फोल्डर सापडला नाही" हे वाचण्यासारखं दुःख नाही.

पायरी ६: फाइल लिहिताना मराठी जपा

सीएसव्ही लिहिणार असाल तर एन्कोडिंग `यूटीएफ-८-सिग` द्या, साधं यूटीएफ-८ नको. सुरुवातीचं ते छोटं चिन्ह नसेल तर विंडोजवरचं एक्सेल फाइल दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये उघडतं आणि 'चादर'च्या जागी अगम्य अक्षरांची जाळी दिसते. `ओपन`ला `न्यूलाइन=""` द्यायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येईल. जेसन लिहिणार असाल तर `एन्शुअर_अ‍ॅस्की=फॉल्स`.

कारण लिहायचं तर पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठून कुठे आला ते सांगणारा लांबलचक मजकूर) दिवाणजींच्या काय कामाचा? नापास रिपोर्टवर बहुतेक वेळा `लाँगरेपर.रेप्रक्रॅश.मेसेज`मध्ये नेमका संदेश असतो, त्याची पहिली ओळ पुरते. "बहुतेक वेळा" यासाठी, की वगळलेल्या टेस्टचं `लाँगरेपर` हे फाइल, ओळ आणि कारण असं त्रिकूट असतं, आणि फिक्स्चरचं नावच चुकलं असेल तर `रेप्रक्रॅश` नसतं. `गेटअ‍ॅटर` वापरा आणि नसल्यास वगळलेल्या टेस्टसाठी त्रिकुटातलं कारण, आणि इतरांसाठी `लाँगरेपरटेक्स्ट`मधली इंग्रजी `ई`ने सुरू होणारी ओळ घ्या.

टेस्टचं नाव मराठीत हवं असेल तर प्रत्येक टेस्टच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीच्या वर्णनात) एक वाक्य लिहा: "गाठीतले नग बिलाशी जुळतात." अडचण अशी, की `लॉगरिपोर्ट`मध्ये टेस्टचं फंक्शन हाती नसतं, फक्त रिपोर्ट असतो. म्हणून आधीच, `पायटेस्ट_कलेक्शन_मॉडिफायआयटेम्स` या हुकमध्ये, प्रत्येक आयटेमच्या `युजर_प्रॉपर्टीज` यादीत "नाव" आणि डॉकस्ट्रिंग अशी जोडी टाका. ती जोडी पुढे रिपोर्टसोबत आपोआप प्रवास करते.

पॅरामेट्राइझ केलेल्या, म्हणजे एकाच फंक्शनने अनेक मूल्यांवर चालणाऱ्या, टेस्टमध्ये "चादर", "टॉवेल", "नॅपकिन" अशी मराठी मूल्यं दिलीत, तर `नोडआयडी`मध्ये अक्षरांऐवजी उलट्या तिरक्या रेघेनंतरचे युनिकोड आकडे दिसतील. पायटेस्ट हे जाणूनबुजून करतं. ते बंद करायची सेटिंग आहे, पण तिचं नाव वाचा: `डिसेबल_टेस्ट_आयडी_एस्केपिंग_अँड_फॉरफीट_ऑल_राइट्स_टू_कम्युनिटी_सपोर्ट`. म्हणजे हे वापराल तर मदत मागायला येऊ नका, असं नावातच लिहून ठेवलंय. हसून झाल्यावर मी ती सेटिंग वापरली नाही. आयडी रोमन ठेवल्या आणि मराठी शब्द `आयटेम.कॉलस्पेक.पॅरम्स`मधून घेऊन डॉकस्ट्रिंगला जोडले.

पायरी ७: वीज, एक्सेल आणि कालचा अहवाल

उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही. टेस्ट चालू असताना मशीन बंद पडलं तर `सेशनफिनिश` येणारच नाही. मग फोल्डरमध्ये कालची फाइल तशीच पडून राहते, आणि कुणीतरी तीच आजची समजून वाचतं. यावर उपाय: फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला, आणि टेस्ट सुरू होतानाच "अपूर्ण" असं लिहिलेली फाइल तयार करा. शेवटी खरा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून `ओएस.रिप्लेस`ने तिच्या जागी बसवा.

नावात वेळ घालायचं दुसरं कारण दिवाणजीच. ते सकाळची फाइल दिवसभर एक्सेलमध्ये उघडी ठेवतात. विंडोजवर उघड्या फाइलवर दुसरी बसवायला गेलं तर परवानगीचा एरर येतो.

`लॉगरिपोर्ट`मध्ये मात्र शक्य तितकं कमी काम करा. तिथे तुमच्या कोडने एक्सेप्शन फेकलं तर पायटेस्ट "इंटर्नलएरर" म्हणून सगळ्या टेस्ट तिथेच थांबवतं. पण म्हणून सगळं `ट्राय` आणि रिकाम्या `एक्सेप्ट`मध्ये गुंडाळू नका. मुका रिपोर्टर मोडक्या रिपोर्टरपेक्षा वाईट.

एक्सडिस्ट हे प्लगइन वापरून टेस्ट समांतर चालवत असाल तर प्रत्येक वर्करमध्येही (टेस्टचा वाटा चालवणारी वेगळी प्रोसेस) तुमचा रिपोर्टर जागा होतो आणि एकच अहवाल चार जण लिहायला बसतात. `पायटेस्ट_कॉन्फिगर`मध्ये `कॉन्फिग`वर `वर्करइनपुट` असेल तर परत फिरा. मराठी नावं टाकणारा `मॉडिफायआयटेम्स`चा हुक मात्र क्लासबाहेर ठेवा, तो वर्करमध्येच चालायला हवा. रिपोर्ट मुख्य प्रोसेसपर्यंत पोचतात, पण मुख्य प्रोसेस स्वतः टेस्ट गोळा करत नाही. त्यामुळे एकूण संख्येसाठी एक्सडिस्टचा `पायटेस्ट_एक्सडिस्ट_नोड_कलेक्शन_फिनिश्ड` हा हुक लागतो. तो आयडींची यादी देतो. प्रत्येक वर्कर तीच पूर्ण यादी देतो, तेव्हा बेरीज करायची नाही, एकाचीच घ्यायची.

पायरी ८: रिपोर्टरचीच टेस्ट

पायटेस्टसोबत `पायटेस्टर` नावाचं फिक्स्चर येतं. मुळाच्या `कॉन्फटेस्ट`मध्ये `पायटेस्ट_प्लगइन्स` यादीत ते चालू करा. मग टेस्टच्या आत `मेकपीवायफाइल`ने पायरी १ मधली नमुना गाठ तयार करा, `मेककॉन्फटेस्ट`ने रिपोर्टर घाला, `रनपायटेस्ट`ने चालवा आणि बनलेली फाइल वाचून आकडे तपासा. सहा टेस्टच्या गाठीतून पास १, नापास १, वगळली १, एरर २, अपेक्षित नापास १ यायला हवेत. बेरीज ६.

दोन-तीन प्रोजेक्टना तोच रिपोर्टर लागला की `कॉन्फटेस्ट`ची नक्कल करत बसू नका. कोड वेगळ्या पॅकेजमध्ये हलवा आणि `पायप्रोजेक्ट.टॉमल`मध्ये `पायटेस्ट११` या एंट्री पॉइंट गटात त्याचं नाव द्या. पॅकेज पिपने घेतलं की पायटेस्ट ते आपोआप उचलतं.

दिवाणजींचा रकाना

हे सगळं करून नवा अहवाल दाखवला, तर दिवाणजींनी विचारलं, "परवाचा आकडा कुठाय?"

बरोबर होतं त्यांचं. कुणी टेस्टचं नाव बदलताना सुरुवातीचं `टेस्ट_` खोडलं, तर पायटेस्ट ती गोळाच करत नाही. एररही येत नाही, एकूण संख्या कमी होते आणि ताळा तरी जुळतो. हे पकडायला कालची बेरीज लागते. `कॉन्फिग.कॅश.सेट`ने एकूण संख्या "अहवाल/एकूण" या कीखाली ठेवा आणि पुढच्या वेळी `कॉन्फिग.कॅश.गेट`ने वाचा. ती `.पायटेस्ट_कॅश` फोल्डरमध्ये राहते, तेव्हा रात्रीच्या स्क्रिप्टने तो फोल्डर साफ करू नये. `-के` लावून निवडक टेस्ट चालवल्या असतील किंवा काम अर्धवट थांबलं असेल, तर आकडा साठवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी फुकटची बोंब.

आता अहवालाची पहिली ओळ अशी येते: "एकूण ५३, गेल्या वेळी ५२." वाढलेली एक कुठली, हे विचारायला त्यांचा फोन तरीही येतो.